कोपऱ्यातलं अठ्ठ्याण्णव

सोमवार, २० जानेवारी

आले एकदाची सोलापुरात! नोकरी लागल्याशिवाय रोजनिशी सुरू करायची नाही असा पण केला होता, तेव्हा हे पहिलं पान.

सकाळच्या गाडीने दुधनीहून निघाले. अव्वा स्टेशनवर आली होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही, उलट रागावतच होती. ओढणी सावर, खिडकीतून हात काढू नकोस, कुणी दिलेलं खाऊ नकोस. मी एवढी घोडी झाले तरी तिच्या लेखी शाळेतलीच. पिशवीत शेंगाचटणीचा डबा कोंबला. सोलापूरला शेंगाचटणी घेऊन जाणारी मी पहिलीच असेन, पण हे तिला कोण सांगणार? अप्पा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती बोलते आणि मी ऐकते, मग मी बोलते आणि ती ऐकत नाही. बोलणं सगळं कन्नडमध्ये, आईला हाकही अव्वा अशीच. शाळा मराठी असल्यामुळे लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचतं.

बेत असा आहे की नोकरी टिकली तर उन्हाळा संपल्यावर एक खोली घ्यायची आणि अव्वाला इकडे आणायचं. तसा शब्द दिलाय मी तिला. ती म्हणते मी काही येत नाही, म्हणजे नक्की येणार.

वैजयंतीकाकू, म्हणजे माझ्या मालकीणबाई, स्वतः न्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, मोठं कुंकू, रिक्षावाल्याला दोन वाक्यांत गार केलं. चादरींच्या डिझाईनचा त्यांचा धंदा आहे. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. राहायला मी त्यांच्याच फ्लॅटमध्ये, जुळे सोलापूर भागात, तिसऱ्या मजल्यावर. मुलगी पद्मजा लग्न होऊन हैदराबादला असते, तिची खोली मला दिली. कपाटात तिचे ड्रेस तसेच टांगलेले आहेत. काकू म्हणाल्या, लागले तर घाल, अंगाला बरोबर बसतील. मी म्हटलं, पाहुणचारालाही काही हद्द असते!

मुलाखतीचं अजून हसू येतं. फोनवर कॉम्प्युटरचं त्यांनी चुटकीसरशी उरकलं. बाकी सगळी चौकशी घरची. भाऊ आहे का, काका-मामा येतात-जातात का, तुला भेटायला कोण येईल. अव्वा शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली की बाई काळजीवाहू दिसते, लेकीसारखी सांभाळेल.

बुधवार, २२ जानेवारी

ऑफिस म्हणजे अक्कलकोट रोडला पत्र्याची एक लांब खोली. पुढे डिझाईन, मागे कार्ड पंचिंग. अव्वाला फोनवर समजावून सांगितलं तसंच इथे लिहिते. चादरीवरचा मोर आधी कॉम्प्युटरवर काढायचा. मग पंचिंग मशीन जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना त्या मोराप्रमाणे भोकं पाडतं. त्या पट्ट्या मागावर चढवल्या की माग भोकं बघून धागे उचलतो आणि चादरीत मोर उतरतो. अव्वा म्हणाली, एवढी उचापत कशाला, मोर हाताने काढता येत नाही होय?

कॉम्प्युटर तीन आणि तिन्ही तीन पिढ्यांचे. त्यातल्या त्यात तरुण तो विंडोज सेव्हनचा, त्यावर गिऱ्हाइकांचे नमुने येतात. मधला एक्सपी. डिझाईनचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, दुसरीकडे टाकलं की रुसतं. आणि कोपऱ्यात विंडोज अठ्ठ्याण्णवचं एक पिवळं पडलेलं धूड. पंचिंग मशीन फक्त त्याचंच ऐकतं. तिघांचा आपसात अबोला. अठ्ठ्याण्णवला पेन ड्राइव्ह ओळखता येत नाही, त्यामुळे डिझाईन फ्लॉपीवर घालून न्यायची, आणि ऑफिसात उरलेल्या फ्लॉप्या निम्म्या मेलेल्या. म्हणून तर मला आणलंय. तिघांना तारेने जोडायचं, इकडे ठेवलेली फाइल तिकडे दिसली पाहिजे. आमच्या क्लासमध्ये जुन्या मशीनला सगळ्या पोरी नाकं मुरडायच्या आणि मी मात्र त्यांच्यातच रमायची. बसा म्हणावं आता बोंबलत.

पंचिंगवर खाजाभाई असतात. साठी उलटलेली, पांढरी दाढी, गालात सुपारी. मला पाहून बघतच राहिले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "इत्ती छोटी है?" काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुपारी खाजाभाईंनी मला आपल्या डब्यातलं लोणचं दिलं. माणूस मायाळू वाटतो.

शनिवार, २५ जानेवारी

दोन दिवस तारा ओढण्यात गेले. आज खरं काम.

अठ्ठ्याण्णवची एक रीत आहे. ते ज्या नावाने सुरू होतं तेच नाव घेऊन दुसऱ्याच्या दारात जातं. त्या नावाचं खातं तिकडे नसेल तर दार उघडत नाही. आणि हे सुरू होतं पद्मजाच्या नावाने. मी म्हटलं, काकू, हे काढून माझं नाव घालते. काकूंनी माऊसवरचा माझा हात धरला. मग सावकाश समजावलं. मागावरचं सूत संपत आलं की शेवटची टोकं मागातच ठेवतात. नव्या सुताचा एकेक धागा त्या टोकाला गाठ मारून बांधतात. मग जुनं सूत पुढे सरकतं आणि नव्याला आपल्या वाटेनं ओढून आणतं. "आमच्यात जुन्याला हात लावत नाहीत की. नवीनच त्याला बांधायचं," म्हणाल्या.

पटलं मला. दुसऱ्या दोघांवर पद्मजा नावाचं खातं काढलं. माझं वेगळं काढणार होते तर काकू म्हणाल्या कशाला दोन, तू त्याच नावानं बस. बसले. नावात काय आहे, पगार दाक्षायणीच्या नावाने मिळाला म्हणजे झालं.

दुसरी भानगड सेव्हनची. जुन्या मशीनची बोलायची पद्धत त्याला धोक्याची वाटते, ते त्याला आत घेत नाही. जुन्याला नवं शिकवता येत नाही, तेव्हा नव्यालाच आपली कुलपं सैल करावी लागतात. एकेक करून केली. शेवटी पासवर्डही काढला. क्लासमध्ये सर ओरडायचे, हे कधीही करू नका म्हणून. पण तीन मशीनच्या घरात चोर येणार कुठून?

सोमवार, २७ जानेवारी

जमलं! जमलं! जमलं!

सेव्हनवर ठेवलेली फाइल अठ्ठ्याण्णववर दिसली. चार दिवसांत केलं, आधीच्या दोन पोरींना वर्षात जमलं नव्हतं म्हणे. त्या नुसत्या फ्लॉप्या इकडून तिकडे नेत बसायच्या.

तपासायला गिऱ्हाइकाची डिझाईन वापरायची नाही, बिघडली तर बोल आपल्याला. काकूच म्हणाल्या, तुझं काहीतरी घाल, भरपूर घाल, म्हणजे कळेल. मी फोनमधलं सगळंच ओतलं. शाळेचे फोटो, अप्पांबरोबरचा तो एकुलता एक फोटो, अव्वाचे सगळे आवाजी निरोप, मार्कशीट, आधार कार्ड. लांबलचक नावाचं फोल्डर अठ्ठ्याण्णवला दिसतच नाही, म्हणून अव्वा हाक मारते तेच ठेवलं, 'दाक्षी'.

आधी मी नुसती बघायची परवानगी दिली होती. काकू मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, फुल दे. ज्या बाईला माऊस धरता येत नाही तिला हा शब्द कसा ठाऊक कोण जाणे. मी म्हटलं, फुल म्हणजे तिकडून कुणीही बदलेल, पुसेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, घरच्या माणसाला कुणी अर्धं दार उघडतं का?

दिली.

अठ्ठ्याण्णवच्या पिवळ्या पडद्यावर माझे फोटो एकामागून एक उमटले. काकूंनी पडद्यावर तळहात ठेवला आणि रडायला लागल्या. धंद्याचं एवढं मनाला लावून घेणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. मग पेढे आणले. खाजाभाईंनी मात्र पेढा घेतला नाही, साखर आहे म्हणाले. परवा दोन जिलब्या खाल्ल्या होत्या त्यांनी.

गुरुवार, ३० जानेवारी

काहीतरी बिघडलंय. अप्पांबरोबरचा फोटो सेव्हनवर उघडेना. फाइल आहे, आत काही नाही. अठ्ठ्याण्णववर मात्र स्वच्छ दिसतो. अव्वाचे निरोपही तसेच, माझ्याकडे मुके, तिकडे चालू. घाईत कॉपीऐवजी कट केलं असणार, फोनमधूनही गेलेत. स्वतःला शिव्या घातल्या. तिकडे आहेत ना, परत आणता येतील.

परत काही येत नाहीत. आणते म्हटलं की मशीन नुसतं घरघरतं.

आणखी एक गंमत. तो फोटो कुठे काढला होता तेच आठवेना. अव्वाला विचारलं. ती म्हणाली, मैंदर्गीच्या जत्रेत, तू पाळण्यात बसायला घाबरून रडली होतीस, अप्पांनी तुला खांद्यावर घेतलं होतं. ही गोष्ट मीच सगळ्यांना शंभर वेळा सांगितली असेल म्हणे. मला ती नवीन वाटली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज घाबरले, लपवत नाही.

सेव्हनमध्ये एक यादी बघता येते. आपल्या फोल्डरमध्ये आत्ता कोण शिरलंय, कुठल्या मशीनवरून, कोणती फाइल उघडलीय. फोटो कोण गिळतंय ते बघायला ती उघडली. एक नाव होतं. पद्मजा, अठ्ठ्याण्णववरून. उघडलेली फाइल, अव्वाचा निरोप.

अठ्ठ्याण्णव बंद होतं. पंचिंगचं काम नव्हतं म्हणून खाजाभाईंनी सकाळपासून लावलंच नव्हतं. मी जाऊन मागची वायर बघितली. प्लगच काढून ठेवलेला.

परत येऊन बघते तर पुढचा निरोप उघडलेला. एकामागून एक, माणूस सावकाश ऐकत बसतो तसं.

खाजाभाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. जुनी मशीनं आहेत, वेडीवाकडी वागतात, तू घरी जा, म्हणाले. काकूंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, किती निरोप ऐकून झाले? मला वाटलं चेष्टा करतायत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अव्वाचा फोन. रोजच्यासारखं "ऊट आतेन?" म्हणाली. जेवलीस का, एवढंच. हे मला कळलं, कारण ती रोज पहिलं तेच विचारते. त्यापुढचं कळलं नाही.

म्हणजे आवाज ऐकू येत होता. तिचाच आवाज. वाक्यं येत होती, मध्येमध्ये दाक्षी, दाक्षी येत होतं. पण शेजारच्या बाकावर बसून कुणी परक्या मुलखातलं बोलावं तसं. मी व्हय व्हय करत राहिले. ती रागावली बहुधा. शेवटी मीच मराठीत म्हटलं की अव्वा, रेंज नाही, मराठीत बोल. मग तिच्या बाजारातल्या मराठीत म्हणाली, "काय गं, लई मोठी झालीस व्हय? आईसंगट मराठी बोलतीस?"

फोन ठेवल्यावर पाणी, घर, भाकरी, एकेक शब्द कन्नडमध्ये म्हणून बघायला बसले. जिभेवर काही येईना. ताप असेल. झोप कमी होते आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुपारी पानावर बसलो होतो. काकू स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाल्या आणि मी ताट सरकवून म्हटलं, "आकली लेदू."

भूक नाही. तेलुगूत. मला तेलुगू येत नाही. माझ्या सात पिढ्यांत कुणाला आलेलं नाही.

मी काकूंकडे बघितलं. त्यांना आश्चर्य वाटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. त्या आल्या, माझ्या तोंडावरून हात ओवाळला, कानशिलावर बोटं मोडली आणि ताटात भात वाढला. त्यांनी आधी विचारलं होतं ते तेलुगूतच होतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि हेही लिहून ठेवते. गच्चीवर पतंग उडवताना मांज्याने बोट कापलं होतं ते मला आठवतं. डाव्या हाताचं. रक्त फ्रॉकवर सांडलं म्हणून बोलणी बसली होती. दुधनीच्या आमच्या घराला गच्ची नाही, पत्रा आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काकू बँकेत गेल्या होत्या. मी खाजाभाईंचा रस्ता अडवला. म्हटलं, खरं सांगा, नाहीतर इथेच बोंब मारते.

पद्मजा हैदराबादला नाही, ते नुसतं लोकांना सांगायला. पद्मजा कुठेच नाही. दोन वर्षांपूर्वी आजारात गेली. शेवटी बोलणं बंद झालं तेव्हा अठ्ठ्याण्णवच्या पुढ्यात बसून टाइप करायची, आई वाचायची. ती गेली तरी पडद्यावर ओळी उमटायच्या थांबल्या नाहीत. काकू रोज सकाळी त्याच्या पुढ्यात बसत. खाजाभाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ती एकच मागायची, मला इथून बाहेर काढ. पण वाट कुठे होती? बाहेरची कसलीही तार त्या मशीनला पोचत नव्हती. "फ्लॉपी में कित्ता आता, बेटी?" म्हणाले.

वाट मी केली. स्वतःच्या हाताने, तारांची टोकं दाबायचा क्रिंपर घेऊन, एकेक कुलूप काढत.

आधीच्या पोरींना हे जमलं नाही म्हणून त्या सुटल्या. मला जमलं म्हणून पेढे. आणि भाऊ नाही, काका-मामा नाहीत, भेटायला कुणी येणार नाही, ते सगळं मी फोनवर हसत हसत सांगितलं होतं. अव्वाच्या देखत.

खाजाभाईंना विचारलं, तुम्ही का नाही बोललात? लोणचं वाढताना बोलायचं, तार धरून उभे होता तेव्हा बोलायचं. त्यांनी मान खाली घातली. "मेरेकू मालूम था. मैं बोल्या नहीं. वो मेरी गोद में बढ़ी हुई बच्ची है." म्हणजे मी कुणाच्याच मांडीवर वाढले नाही!

बुधवार, १२ फेब्रुवारी

काकूंसमोर उभी राहिले. वाटलं होतं नाही म्हणतील, रडतील, पाया पडतील. शेंगा निवडत होत्या, हात थांबला नाही.

म्हणाल्या, तुझं काही वाया गेलेलं नाही. तुझं सगळं तिकडे नीट ठेवलंय, एक अक्षर हरवलं नाही. माझी पोर दोन वर्षं राहिली तिथं, तुलाही काही होत नाही.

मी ओरडले. तुमच्या हातचं जेवले, तुम्हाला काकू म्हटलं, तुमच्या भरवशावर अव्वाने मला गाडीत बसवलं. त्या म्हणाल्या, तुझ्या आईला लेक आहे हे मला म्हाईत होतं की. माझ्या पदरी नव्हती.

शेंगांतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सगळ्या तारा उपटल्या. सगळ्या. यादी उघडली — पद्मजा आहे, अठ्ठ्याण्णववरून. तार नाही, वीज नाही, तरी आहे.

सेव्हनवरचं 'दाक्षी' फोल्डर काढून टाकायला गेले. हा रस्ताच नको. मशीन म्हणतं, परवानगी नाही. मी दिलेली परवानगी, मलाच नाही. मी बसलेय पद्मजाच्याच नावाने, तरी — आणि मग हात थांबला. ते पुसलं तर कुणाला पुसीन मी? अप्पा त्यात आहेत. जत्रा त्यात आहे. मी त्यात —

दुपारी स्टेशनवर गेले. पळून जायचं होतं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कुठलं तिकीट?

मी उभी. मागे रांग. गावाचं नाव —

इथे पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. दुधनी. आत्ता वाचलं. तिथे, खिडकीपाशी, ते माझ्याजवळ नव्हतं. पाय आपोआप परत वळले आणि जुळे सोलापूरच्या रिक्षात बसले. पत्ता मी तेलुगूत सांगितला. रिक्षावाल्याला कळला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज ठरवलं होतं, अठ्ठ्याण्णव उचलून न्यायचं. डोक्यावर घेऊन न्यायचं. कुणीतरी जाणकार सापडेल, माझं मला परत काढून देईल.

कोपरा रिकामा आहे.

पंचिंग मशीन एक्सपीला लावलंय, नवीन कसलीशी डबी बसवून. खाजाभाई माझ्याकडे पाठ करून काम करतायत. काकू म्हणाल्या, भंगारवाल्याला दिलं, सकाळीच. हातोड्याने फोडूनच नेतात ते.

मी म्हटलं — तुम्हीच म्हणाला होता. जुन्याला हात लावत नाहीत म्हणून.

त्या जवळ आल्या. केस कानामागे सारले माझे. म्हणाल्या, "गाठी मागाच्या पुढं निघून आल्या की मागचं टोक कापायचंच असतंय. नाहीतर चादर पुरी कशी व्हायची, पद्मा?"

इतके दिवस मला वाटत होतं, जुनं टोक म्हणजे ती.

एक मागवाला आला होता. मला बघून म्हणाला, अरे पद्मजा, कधी आलीस? बरी आहेस ना? मी म्हटलं, बरी आहे. घरी येऊन आरशात बघितलं, तिथे माझा चेहरा नव्हता.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज कुणीतरी आलं. घाईने लिहिते, अजून खाली आहे ती.

बेल वाजली. दार मीच उघडलं. एक म्हातारी. इरकल लुगडं, हातात पिशवी, तीन मजले चढून दम लागलेला. चेहरा ओळखीचा नाही. पण तिला बघून मला तिचा हात धरायचा होता. कारण माहीत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. वरपासून खालपर्यंत. पद्मजाचा — माझा — निळा ड्रेस होता अंगावर. मग म्हणाली, "बाई, हितं माजी दाक्षी ऱ्हाती न्हवं? फोनवर लई येगळंच बोलाया लागलीया. कुटं हाय ती?"

मला विचारलं. मला बाई म्हणाली.

मी तोंड उघडलं. सगळं सांगणार होते. तेवढ्यात मागून काकू — काकू नाही म्हणायचं त्यांना आता, जीभ वळत नाही — त्या आल्या. म्हणाल्या, ती पोरगी काम सोडून गेली हो, कुठं गेली सांगितलं नाही. हल्लीच्या पोरी. ही माझी मुलगी. पाणी घ्या, दमलात.

म्हातारीने पाणी घेतलं नाही. पुन्हा माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत बघितलं, खूप वेळ. वाटलं, आता — आता ओळखेल. कुणीतरी ओळखेल. तिनेच नाही ओळखलं तर —

पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, आली तर दे तिला. आणि जिना उतरायला लागली. कठडा धरून. एकेक पायरी.

मी सांगितलं का नाही? मी उभी राहिले. नुसती उभी राहिले.

गॅलरीतून दिसते आहे. रिक्षाला हात करते आहे. आत्ता हाक मारली तर ती वर बघेल. एकच हाक. कुणालाही मारतात तशी नाही, मी तिला जी मारायची ती. ती ऐकली की तिला कळेल, मला माहीत आहे कळेल —

दोन अक्षरं होती. आई नाही. अम्मा नाही, अम्मा आत आहे. ओठ मिटून नव्हता निघत तो शब्द —

रिक्षा थांबली. बसते आहे.

मी तिला